उसनी कोंबडी

यांना आई नव्हती, बल्ब होता.
केजच्या बाजारातून एका खोक्यात एकवीस आली,
खोक्याला भोकं, भोकांतून चोची.
वायर मीच ओढली, होल्डर मीच बसवला,
बत्तीस वर्षं लाइनमन होतो, एवढं तर येतंच.
त्या पिवळ्या उजेडाला बिलगून ती वाढली.

दोन महिन्यांनी पंख भरले, मी बल्ब काढला.
त्या रात्री सगळी कोपऱ्यात गेली
एकावर एक, पोत्यातल्या कांद्यासारखी.
सकाळी तळातलं एक
सपाट होतं.

खाजाबी कुंपणावरून म्हणाली,
"जमीन पे सोती क्या कभी मुर्गी?
मुंगसाला ताट वाढून ठेवलं की तुमी, तातेराव."

मग मोडक्या कुळवाची दांडी शोधली,
वाकसानं तिच्या कडा मारल्या,
हातभर उंचीवर बांधली. आधी हातभरच.
मलाही पहिल्यांदा चढवलं होतं ते
ऑफिसमागच्या, तार नसलेल्या खांबावर.

दिवसा त्यांनी दांडीखालून ये-जा केली.
एकानं तिला चोच पुसली.
तेवढंच.

शिकवायचं ते अंधारात, खाजाबी सांगते,
दिसत नाही तेव्हा उतरायचं सुचत नाही.
म्हणून जेवण झालं की बॅटरी न घेता जायचं,
ढिगात हात घालायचा,
कुरकुरणारं, गरम, हाताला येईल ते एक उचलायचं,
छाती दांडीला टेकवायची, पाय ते स्वतःच वर घेतं.
मग पाठीवर तळवा.
डुलायचं थांबेपर्यंत काढायचा नाही.
बूड टेकलं की बोटं आवळतात, आपोआप,
झोपेतही सुटत नाहीत,
हे मला बासष्टाव्या वर्षी कळलं.
मला पट्टा लागायचा.
एकदाच घरी विसरला, तेव्हापासून गुडघा हा असा.

विसावं वर ठेवेस्तोवर
पहिली चार धपाधप खाली, पुन्हा कोपऱ्यात.
एक माझ्या खांद्यावर, कानात पंख.
सहा रात्री हेच.
बायको दारातून म्हणाली,
"लेकरांना कधी थोपटलं न्हाई एवढं."
खरंच होतं.
ती झोपायची तेव्हा मी
दुसऱ्यांच्या गावात उजेड करत असायचो.

सातव्या दिवशी खाजाबीनं, विरजण द्यावं तशी,
एक म्हातारी कोंबडी दिली आठवड्याच्या बोलीवर.
मानेवर पीस नाही, डोळ्यात दया नाही.
तिनं कुणाला काही शिकवलं नाही.
जवळ आलं त्याला टोचलं.
दिवेलागणीला मान तिरकी करून दांडी जोखली,
फडफडली, बसली,
अंग फुगवून डोळे मिटून घेतले.
संपला तास.
खाली वीस माना वर.

अकराव्या रात्री गावचा डीपी जळाला.
नवा वायरमन, पोरगंच आहे, मला बोलवायला आला.
मी खाली उभा राहून सांगत होतो, तो वर.
परत यायला बारा वाजले.
गाव सगळं काळं.
चाचपडत खुराड्यात वाकलो, कोपऱ्यात हात घातला:
भुस्सा. गार.
मुंगूस, मी म्हटलं, तोंडानं, मोठ्यानं.
तेव्हा कानाजवळ, वर, कुणीतरी
झोपमोड झाल्यासारखं
कुरकुरलं.

एका बोटानं पाठी मोजल्या.
पिसं, पिसं, उघडी मान, पिसं,
उघडी मान धरून वीस.

म्हातारी परत केली.
रिकामं डालगं कसं द्यायचं, म्हणून मूठभर ज्वारी टाकली,
ती तिनं वाटेतच संपवली.

एक मात्र अजून खालीच असतं,
माझ्या चपलेवर चढून बसतं अंधार पडला की.
रोज उचलतो, छाती टेकवतो, पाठीवर तळवा.
येत असावं त्याला.
मी विचारत नाही.