रकाना : स्थानिक नाव

झुडूप. उंची कमरेएवढी, क्वचित छातीला लागेल.
साल पातळ, तांबूस,
उन्हात भाजलेल्या पाठीसारखी सोलवटणारी.
पाने समोरासमोर. देठ इतका आखूड
की नसल्याचाच संशय यावा.

पान उजेडाकडे धरलं की ठिपके दिसतात,
टाचणीने टोचल्यासारखे. तेलाच्या पिशव्या.
चुरगळलं तर आधी कच्चं जांभूळ, मग
रॉकेलच्या बाटलीचं बूच.
(हे वाक्य मी नंतर खोडलं.
वर्णनात ‘सुगंधी’ एवढंच चालतं.)

वाघेऱ्याच्या वरच्या सड्यावर
सतरा झाडं, कातळाच्या भेगांतून.
दोनदा मोजली. एकदा सोळाच भरली.

बुधीबाई झोले माझी पिशवी धरून उभ्या.
“ह्याला काय म्हणता तुम्ही?”
“काय नाय.”
“तरी पण?”
“बकरी तोंड लावत नाय. चुलीत घातलं तर
तडतडतं निस्तं. फळात बीच मोठं.
कशाला ठेवायचं नाव?”

वहीत लिहिलं : स्थानिक नाव, नाही.

कुळ जांभळाचं, यात शंका नव्हती.
चार पाकळ्या, टोपीसारख्या एकदम गळणाऱ्या.
पुंकेसर अगणित, म्हणजे मी एकशे बारापर्यंत मोजले
आणि वारा आला.
बाईंनी विचारलं, “कुळ म्हंजे? कूळकायद्यातलं?”
मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

त्यांच्या घरी, भाताच्या कणगीमागे,
प्लास्टिकच्या पिशवीत एक फाइल आहे.
वनहक्काचा दावा.
दोन म्हाताऱ्यांचे जबाब, अंगठ्यांसकट.
दंडाची एक पावती, तिच्यात सासऱ्याचं नाव
चुकीचं पडलेलं.
शेरा : पुरावा पुरेसा नाही.

नाशिकला, कॉलेजच्या मागच्या खोलीत
फांद्या कागदात दाबल्या.
कागद म्हणजे रद्दीतली वर्तमानपत्रं,
रोज बदलायची, नाहीतर बुरशी.
एका पानाच्या पाठीवर लासलगावचा भाव उमटला, उलटा :
उन्हाळ कांदा. किमान, कमाल, सरासरी.

नाव ठरवायचं होतं. पुन्हा गेलो.
बाई नागली पाखडत होत्या.
म्हटलं, लॅटिनमध्ये तुमचं नाव घालावं म्हणतो.
“नको, सर.
उद्या दावा त्याच्याच नावावर मंजूर करतील.”
सूप थांबलं नाही.
मग कातळावरून दिलं.

चौदा महिने पत्रं.
शेजारच्या जातीहून वेगळं काय?
पानाच्या काठाची शीर दुहेरी.
कुक्षिवृंताच्या बुडाशी लव,
भिंगाखालीच दिसेल एवढी.
एक सद्गृहस्थ पुन्हा पुन्हा विचारत राहिले,
एवढा फरक पुरेसा आहे का?
आहे, मी लिहिलं.
नमुना क्रमांक, तारीख, अक्षांश, रेखांश.
मान्य झालं.
लव पुरेशी ठरली.

त्या रात्री मला झोप लागायला हवी होती.

गेल्या माघात फोन आला. रेंज दोनदा तुटली.
“तुमचं फुललंय.”
“कोण?”
“अर्जी.”
मी गप्प.
“पोरं म्हणत्यात. तुम्ही त्याच्या बुडाशी बसून
कागद भरत होता ना.”

अंक छापून टेबलावर पडला होता.
पान एकशे चौतीस, डावीकडे खाली.
मी पेन उचललं, ठेवलं, पेन्सिल घेतली.
काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं,
“किती झाडं आहेत आता?”

“अठरा.
एक आमच्या बांधाला आलंय. आपसूक.”