बिस्किटी

सुपरिटेंडेंट बाई मंगळवारी येणार,
म्हणून सोमवारी शाळा सुटल्यावर रॅटलिफ सरांनी
मला डबा दाखवला. पाच गॅलन, बिस्किटी.
"ती भिंत," म्हणाले.
कुठली, ते मी विचारलं नाही.

कँटीनसमोर टेसा कॉडिलनं ओढा काढलाय.
सहा आठवडे, मधल्या सुट्टीत, सँडविच दातात धरून.
आमचाच ओढा, स्लेट फोर्क,
चर्चमागून वळणारा,
वळणावर बुडालेल्या ट्रकसकट.
आणि पाणी नारिंगी.

सर म्हणाले, लहान मुलं बघतात, पाणी निळं असतं.
मग हळूच म्हणाले,
मैदानावरचा स्कोअरबोर्ड कंपनीनं दिलाय, व्हर्जिल.
माणूस वाईट नाही. माझी बायको गेली तेव्हा
दोन दिवस कॉरिडॉर त्यांनी स्वतः पुसला.
मी एकोणीस वर्षं त्या खाणीत काढलीत,
पाण्याचा रंग मला कोणी शिकवायला नको.
तरी शिडी मीच आणली.

रोलर भिंतीला टेकवला, तोच मागून,
"आधी कडा घ्यायच्या. ब्रशनं."
टेसा. पाठीला दप्तर, शेवटची बस सोडून.
"मामा रंगकाम करतो माझा.
असं केलंत तर ओघळ येतील."
मला वाटलेलं, रडेल, शिव्या घालेल.
तिनं शिडी धरली.

वरून खाली येत गेलो. आभाळ गेलं,
चर्चचा कळस गेला,
ट्रकच्या टपावर बसलेला बगळा,
जो मी इतक्या दिवसांत पाहिलाच नव्हता.
पाण्याशी आलो तेव्हा ती म्हणाली,
"हा नारिंगी चार रंगांचा आहे.
पाचव्या खेपेला जमला."
माझ्याशी नाही, भिंतीशीच.
मग रोलरसाठी हात पुढे केला.

मी दिला नाही.
तेवढं तरी तुझ्या हातून नको, म्हणायचं होतं.
म्हणालो, "कपडे खराब होतील."

घरी हात धुतले. बिस्किटी लगेच निघाला,
साध्या साबणानं.
सिंकमध्ये नळाच्या धारेखाली
बोटभर रुंद डाग आहे, जुना.
बायकोनं व्हिनेगर लावलं, राख लावली,
शेवटी त्यावर भांडी ठेवायला लागली.
मी भांडी उचलून बाजूला ठेवली.

मंगळवारी बाई आल्याच नाहीत.
दाढ दुखत होती म्हणे.

टेसा भेटली की विचारायचंय,
कुठले चार.