पाचवी जागा

सहाजणी गुडघ्यांवर, एका रांगेत,
बाह्या कोपराच्या वर सारलेल्या.
समोर चटईत आवळून गुंडाळलेली ओली लोकर,
आणि वाफ.
नारीनच्या या वरच्या अंगाला मे महिन्यातही
चुलीवरचं पाणी अंगणात येईस्तो अर्धं निवतं.

मी पाणी ओतणारी, म्हणून मुकादम.
अकरा वर्षं हेच धरून होते की
नमदा म्हणजे ताल:
मी "हो" म्हणायचं, बारा हातांनी दाबायचं.
धागा नाही, गाठ नाही, माग नाही.
लोकरीनं लोकरीला धरायचं, एवढंच.

तोक्तोबूबूला पहिलीच जागा लागते.
हट्टी म्हणतात तिला.
तिथून रस्ता दिसतो फक्त.
रशियात बांधकामावर गेलेला मुलगा
सांगून थोडाच येणार आहे.

सेयिलकानचं तोंड मिटत नाही.
कुणाची गाय आटली, कुणाची सून रुसली.
एकदा सगळ्यांच्या सांगण्यावरून
मी तिला गप्प बसवलं.
त्या दिवशी चटई उलगडली तर
मधोमध लोकर धरलीच नव्हती,
बोट घातलं की आरपार.
दुसऱ्या दिवशी मीच विचारलं,
"मग, त्या गाईचं काय झालं?"

झुरा हिशेब ठेवते. तिला कुणी
"बरोबर आहे" म्हणालं की पुरतं.
कालिमाला तेवढंही नको;
चहा हातात द्यावा आणि तोंड फिरवावं.

हे सगळं कळायला लागलं होतं मला.
थोडा तोराही होता त्याचा.

मग पाचव्या जागेवर बुरुल आली,
एकोणीस वर्षांची, गेल्या शरदात लग्न होऊन.
हात मंद. नजर खाली.
"काय गं, बरं आहे ना?" रोज विचारायची मी,
आणि रोज ती बोटभर आणखी आत जायची.
आळशी, म्हणाली झुरा.
मीही मान हलवली.
त्या जागेवरच्या तिघी याआधी सोडून गेल्या,
तेव्हाही हलवली होती.

एक दिवस माझा खांदा धरला.
किटली बुरुलच्या हातात दिली
आणि बसले तिच्या जागी.

जमीन तिथं खोलगट आहे.
मी ओतलेलं सगळं पाणी
निवून, वाहत, तिथंच येऊन थांबतं.
घटकाभरात गुडघे दगड झाले.
दोन्ही बाजूंच्या कोपरांमध्ये
माझ्या हातांना जागाच नव्हती.
अकरा वर्षं मी उभी होते.
उभ्यानं खड्डा दिसत नाही.

"हो," म्हणाली बुरुल, वरून.
आवाज केवढा मोठा तिचा!

संध्याकाळी दोन घमेली माती टाकली,
आणि ठरलं, रोज जागा बदलायच्या.
ठरलं खरं.

सकाळी तोक्तोबूबू पहिल्या जागेवर
आधीच येऊन बसली होती.
कुणी काही बोललं नाही.
सेयिलकानसुद्धा.