साडेआठ गुंठे

वडगावात मागांची शेड पाडली तेव्हा
पत्र्याखालून आधी ऊन निघालं, मग बाव.
कोणाच्याच नकाशात नव्हती.
धामणेकर म्हणाले, भराव टाकू, वर चार गाड्या मावतील.
मी पेन्सिल कानामागे खोचली
आणि एक खडा टाकला.
मोजलं. एक, दोन, अडी...
डुबुक.

इराप्पा गवंडी काठावर उकिडवा.
"बावी मुच्चब्याड्री, म्याडम,"
एवढंच, आणि बिडी पेटवली.
बाव. बावी.
असल्या एकेका वेलांटीपायी
या गावात पाट्यांना डांबर लागलेलं
मी शाळेच्या वाटेवर पाहिलंय.

इमारत साडेतीन फूट पूर्वेला सरकवली.
एक बेडरूम तिरकी झाली.
धामणेकरांनी तीन आठवडे फोन उचलला नाही.

मग ब्रोशरात न बसणारे हिशेब.
आमच्याकडे आषाढात बनियन चार दिवस वाळत नाही,
जांबोटीकडचा वारा भिंतीत पाणी टोचतो,
लोक दोरीखाली पंखा लावून
ओल्या चादरींच्या वासात झोपतात.
म्हणून पश्चिमेला दर मजल्यावर सामाईक गॅलरी,
विटांची जाळी, एक वीट पुढे, एक मागे,
उभा धागा आडव्याला वाट देतो तशी.
वारा आत येतो. पाऊस बाहेरच पाय पुसत राहतो.
शेडची खानापुरी कौलं जिन्यावर चढवली.
भिंती जांभ्याच्या, बिनरंगाच्या, ओलीनं काळवंडणाऱ्या.
हणबरबाई किल्ली घेताना म्हणाल्या,
"नवं घर, आणि आत्ताच जुनं दिसतंय."
खरंच होतं. काय बोलणार?

गच्चीचं पाणी नळीनं बावीत सोडलं.
(बघा, मराठीतसुद्धा आत उतरायचं
तर ती वेलांटी लावावीच लागते.)

मे महिन्यात नगरपालिकेचं पाणी अकरा दिवस नव्हतं.
आमच्या फाटकाशी शेजारच्या दोन गल्ल्यांच्या घागरी लागल्या.
धामणेकरांच्या पुढच्या जाहिरातीत
बावीचा फोटो आला, रात्रीचा, निळ्या दिव्यांत.

एक मात्र चुकलं.
जाड भिंती, खोल खिडक्या, रस्ता आत येत नाही,
ही शांतता मी कमाईच्या रकान्यात धरली होती.
तिसऱ्या मजल्यावर ढगेकाका राहतात.
याच जागेवर त्यांचे बारा माग होते.
चाळीस वर्षं खटखटीत झोपलेला माणूस,
आता डोळ्याला डोळा लागत नाही.
माझ्याकडे तक्रार केली नाही, सुनेकडून कळलं.

परवा रात्री साइटवरची फाइल न्यायला गेले
तर काठावर तेच.
रहाट ओढत होते. कुरर्र, खट. कुरर्र, खट.
कळशी रिकामीच वर येई,
ते तशीच खाली सोडत.
मी गाडी बंद केली, दिवे मालवले,
आणि फाइल तशीच राहिली.