एक टप्पा औट

मार्चची एकतीस. रात्रीचे सव्वादहा.
नीलम नगरात पाणी सुटायची पाळी आजच,
बायको नळापाशी, मी इथं शाळेच्या ऑफिसात
सर्व्हर उठायची वाट बघत.

भिंतीपलीकडं कोंगारींचे चार माग
टॉवेल विणतायत, खटक-फटक, खटक-फटक.
सोळा वर्षं ऐकतोय.
थांबले की वाटतं, काहीतरी चुकलं आपलं.

जीआर आलाय. वीसवरून चाळीस टक्के.
टप्पा वाढला म्हणून दुपारी पेढे वाटले,
एक कॉम्प्युटरपुढंही ठेवला, मुंग्या लागल्या त्याला.
बाराच्या आत बिल गेलं नाही तर
रक्कम समर्पित.
मराठीच्या बाई म्हणाल्या, काय सुंदर शब्द आहे हो,
आणि रुमालानं चष्मा पुसत बसल्या उगाच.

ओळ एक. गड्डम विजयालक्ष्मी, मुख्याध्यापिका.
लाइटबिल थकलं तेव्हा पाटल्या मोडल्या होत्या,
ते कुठल्याच लेखाशीर्षात बसत नाही.
ओळ चार. शेख मुदस्सर, गणित.
दिवसा शेकडेवारी शिकवतो,
संध्याकाळी अक्कलकोट रोडला सुताची बाचकी मोजतो.
पोरांनी विचारलं होतं, सार, शंभर टक्के म्हणजे किती?
म्हणाला, आख्खं बे. आख्खं.
आणि फळा पुसला.
ओळ सात. कलशेट्टी शिवयोगी.
मेअखेर रिटायर. वाढीव पगार दोन.
ओळ नऊ दिवाळीत काढली मीच.
डिलीट दाबलं की यंत्र विचारतं,
तुम्हाला खात्री आहे का?
बाईंच्या डायलिसिसची फाइल अजून कपाटात आहे,
जावक क्रमांकासकट.

माझी ओळ नाही.
लिपिकाचं पद पटसंख्येत बसत नाही,
सात पोरं कमी पडतात, म्हणे.
दर पगाराला हे सगळे मिळून दोन-दोनशे काढतात,
मी ते वहीत लिहितो सादिलमध्ये:
खडू, फिनेल, घंटेची दोरी, मी.
आज शेख म्हणाला, आता चारशे करू.
मी म्हणालो, बघू.
माझ्या पगारवाढीचा प्रस्ताव, चर्चा, मंजुरी,
सगळं जिन्यात झालं.

अकरा वीस. सर्व्हर आला, गेला.
बाहेर दिव्याच्या खांबाखाली पोरं खेळतायत,
घागरींच्या रांगेलाच स्टंप करून.
एक टप्पा औट! एक टप्पा औट!
आणि बॉल खिडकीतून थेट माझ्या टेबलावर,
बिलाच्या कच्च्या प्रिंटवर, ओळ सातच्या शेजारी.

ओ मामा, बॉल द्या की.
गजांत अडकवलेलं तोंड, दहा-अकराचं.
कुठल्या शाळेत बे तू?
जात नाय.
का?
आईबरोबर विड्या बांधतो. द्या की.

मी मान खाली घालून मोजलं.
सातातला एक. उरले सहा.
सोळा वर्षांत पहिल्यांदा वजाबाकी
माझ्या बाजूनं सरकली.
लाज वाटली, पण सरकली.
उद्या ये, म्हणालो, पुस्तकं फुकट, खिचडी मिळते,
नाव काय तुझं?
पेन उघडलं होतं मी.

तेवढ्यात गल्लीभर आवाज उठला,
आलं! आलं!
घागरी, पाइप, बायका, मोटरींची घरघर,
गजांतलं तोंड गायब.

अकरा एक्केचाळीस. बिल गेलं.
पडद्यावर हिरवी बरोबरची खूण,
दहा नावं, त्यांच्यापुढं आकडे, जवळजवळ अर्धे.
मुख्याध्यापिकांना फोन लावला, त्या नुसतं
हूं, हूं म्हणत राहिल्या, मागं नळ वाहत होता.

बॉल टेबलावरच आहे.
रबरी, एका बाजूनं झिजलेला.
जमिनीवर एकदा आपटून झेलला मी,
कुणी बघत नव्हतं,
मग ड्रॉवरमध्ये ठेवला, सादिलच्या वहीवर.
न्यायला येईलच की तो.