डावीकडची जागा

तुळाजी भोईटे दौलतगंजात आले
तेव्हा दुकानात मी एकटाच.
स्टोव्हवर सरसाचं भांडं, बोटांना भुसा.
त्यांच्या बगलेत बिस्किटांचा पत्र्याचा डबा.
"फ्रेमा करायच्यात," म्हणाले, "घाई नाही.
ह्यातले सगळे मेलेत. वाघ आधी."

डबा उघडला, तर पहिल्यांदा कापूर,
मग शिवपुरी.
करधईची झुडपं, सांख्यसागराचं पाणी,
जीपच्या बंपरवर बूट टेकवलेला टेक्सासचा कुणी साहेब,
उन्हानं डोळे बारीक केलेली त्याची बायको,
आणि पुढ्यात जनावर,
नाकाला एक खुंटी, शेपटीला एक,
मधे टेप.

तुळाजी कुठंच नाहीत.
म्हणजे आहेत:
एका फोटोत कोपर,
एकात फेट्याचा शेमला,
एकात वाघाचं डोकं वर धरणारे दोन हात,
न्हाऊ घालताना बाळाचं धरावं तसे.
"हे माझे. अंगठ्याचं नख बघा,
बंदुकीच्या खटक्यात गेलेलं."

सातवा फोटो मी ओळखला.
एकसष्ट साली स्टुडिओत मी रिटचिंगला होतो.
पाकिटावर लिहून आलेलं: मागचा माणूस नको.
बारीक ब्रश, थोडी शाई, थोडी थुंकी,
दोन रुपये जादा,
आणि माणसाच्या जागी मी गवत उगवलं.
मन लावून. वाऱ्यानं एका अंगाला कललेलं.

तुळाजींनी नेमकं तिथंच बोट ठेवलं.
"इथं मी उभा. आणि इथं खडक होता, उघडा.
खडकावर गवत कुठून आलं,
वीस वर्षं झाली, उमगत नाही."

मी सरस ढवळत राहिलो.

मग फोटोत नसलेलं सांगू लागले.
हाक्यात मंगलू सहरियाची मांडी फाटली,
सिंध नदीच्या वाळूतून त्याला खाटेवर नेला,
वाळूनं खाटेचे पाय ओढून धरलेले.
"त्याचा कुणी काढला नाही. रोल संपला होता म्हणे."

आणि एक रात्र मचाणावर.
साहेब घोरतोय, खाली पाणी, पाण्यात चांदणं,
आणि वाघीण आली, मागं दोन पिल्लं,
त्यातलं एक स्वतःच्याच सावलीला भ्यालेलं.
"साहेबाला उठवायचं, त्याचाच तर पगार."
"मग?"
"मग मला खोकला आला."
जरा थांबून:
"तसा मला खोकल्याचा त्रास कधीच नव्हता."

डब्याच्या तळाशी शेवटचा फोटो, कोपरे दुमडलेले.
हा त्यांनी स्वतः काढलेला.
साहेबानं हौसेनं कॅमेरा हातात दिला, हे बटण दाब म्हणाला.
साहेबाचं डोकं कापलं गेलंय, हॅटची नुसती कड दिसते.
बिघडला म्हणून साहेबानं फेकला, यांनी उचलला.
मागं चितळांचा कळप,
शेपट्या ताठ, एक पाय हवेत,
सगळ्यांच्या माना डावीकडे,
फोटोच्या बाहेर.

"तिथं ती होती," तुळाजी म्हणाले.
"साहेबाला दिसली नाही. कॅमेऱ्यालाही नाही.
आम्हा सोळा जणांनाच दिसली,
पंधरा ते, आणि मी."
मग काचेवर डाव्या बाजूला चार बोटं आडवी ठेवली.
"ही एवढी जागा कोरी सोडा.
उजवीकडे नको. तिला यायला वाट पाहिजे."

सातव्याचे पैसे मी घेतले नाहीत.
का, ते त्यांनी विचारलं नाही.
पायरी उतरताना एवढंच म्हणाले,
"गवत मात्र झकास काढलंय हो कुणी."

ती फ्रेम दोन दिवस भिंतीला टेकून वाळत होती.
येणारं गिऱ्हाईक म्हणे, फोटो एका बाजूला सरकलाय.
मी म्हणे, असू दे.