शेऱ्याचा रकाना

पहाटे साडेपाचला सोसायटीचं शटर वर करतो,
मापं विसळतो, लॅक्टोमीटर फडक्यानं पुसतो,
तोवर केरीच्या चढावरून कॅन खडखडत उतरतात
झोऱ्यांचे, वरकांचे, पिंगळ्यांचे.
बावीस वर्षं हेच :
लिटर, फॅट, दर, रक्कम.
पाचवा रकाना शेऱ्याचा. तो बहुतेक कोराच.

गेल्या चैत्रात पणजीहून एक बाई आल्या, सेल्मा कार्दोज,
जीपमध्ये पोलादी डबा, पट्टे, बारीक नळ्या.
म्हणाल्या, म्हशीचा ढेकर मोजायचाय.
भागो झोरे पोट धरून हसला,
मग डोळे पुसत म्हणाला,
'आणि तो विकत कोण घेतो?'

बाई रागावल्या नाहीत. मातीत काडीनं पोट काढून दाखवलं :
इथं चारा आंबतो, इथून वायू निघतो,
तोंडावाटे बाहेर पडतो आणि आभाळाला ऊब चढवतो,
साध्या धुराहून कितीतरी जास्त.

भागो त्या काडीच्या पोटाकडे बघत राहिला.
'जंगलवाले म्हणायचे, तुझी गुरं रोपं खातात.
खाणवाले म्हणायचे, तुझा गोठा आमच्या मातीवर बसलाय.
आता आभाळवालेही आले.
बाये, माझ्या अकरा म्हशी. रानात जातात, रानातून येतात.
पलीकडच्या शेडीत ऐंशी गाई,
पंख्याखाली, जागच्या जागी, घाटावरून आलेल्या पेंडीवर.
त्यांचं शेण व्हाळात.
माझं शेण विठोजी गावसाच्या कुळागरात, माडा-माडाच्या आळ्यात.
तुझ्या तराजूत आम्ही दोघे एकच?'

'एकच नाही,' बाई म्हणाल्या.
थोडं थांबल्या. खोटं बोलायचं नव्हतं त्यांना, ते दिसत होतं.
'पण एका लिटरचा हिशोब मांडला
तर तुमच्या म्हशीचे ढेकर त्या गाईपेक्षा जास्त निघतील.'

हे मला माहीत नव्हतं.
भागोलाही नव्हतं. त्यानं विडी पेटवली नाही, नुसती धरून ठेवली.

रात्री मी पत्र्याची पेटी उघडली.
जुनी रजिस्टरं, कसर लागलेली,
पहिल्या वर्षाचा चैत्र : भागो झोरे, सकाळ-संध्याकाळ एकतीस लिटर.
या वर्षाचा चैत्र : बावीस.
म्हशी तेवढ्याच. रान तेच. माणूस तोच, गुडघे सोडून.
मधली पानं उलटत गेलो,
ऊन कसं एकेक लिटरनं खाली उतरत आलंय,
माझ्याच अक्षरात.
मला कुणी आभाळ समजवायला नको होतं.
पण दोष कुणाला द्यायचा?
तापवणारीही म्हैस, तापणारीही म्हैस,
आणि ट्रकनं येणाऱ्या पिशवीतल्या दुधाचा चहा पिणारे आम्ही
कुठल्या रकान्यात?

डबा काजळीच्या गळ्यात बांधला होता, नाकाशी नळी.
एक दिवस, एक रात्र राहू द्यायचा.
दुसऱ्या दुपारी काजळी कुणाला न विचारता
कोंडीच्या चिखलात शिरली.
वर उरल्या दोन नाकपुड्या, दोन शिंगं
आणि पोलादाची एक चमकती कड.

सेल्माबाई काठावर मटकन बसल्या.
भागो कंबरभर आत गेला, काजळीला शिव्या घालत, थोपटत,
डबा सोडवून आणला, कानाशी धरून हलवला.
'आहे का गेला ढेकर?'
बाई पहिल्यांदा मोठ्यानं हसल्या.
चप्पल काढली, पाय चिखलात सोडले.

गोठ्यातून ठकूनं हाक दिली,
'चहा कोरा की दुधाचा?'
बाईंनी डब्याकडे पाहिलं. काजळीकडे पाहिलं.
काजळी रवंथ करत होती, तिला काहीच घाई नव्हती.
'दुधाचा,' त्या म्हणाल्या. मग घाईघाईनं,
'पण अर्धाच कप.'

त्या संध्याकाळी मी लिहिलं :
भागो झोरे, साडेदहा लिटर, फॅट सात-दोन.
आणि शेऱ्याच्या रकान्यात, बऱ्याच वर्षांनी,
'अर्धा कप कमी.'